धुतलेलं वाळवंट

भाऊंना जंगलाची भीती वाटायची आणि ते जंगलाचे नकाशे काढायचे. यात काही विसंगत आहे असं त्यांना स्वतःला कधी वाटलं नाही. नकाशावरच्या जंगलातून अस्वल निघत नाही, एवढं साधं त्यांचं म्हणणं होतं. आमची वन कचेरी सिरोंच्याच्या रस्त्यावरच्या एका गावात होती आणि चारी बाजूंनी सागवान. बाकीचे लोक सकाळी जीपमध्ये बसून जंगलात जायचे. भाऊ आमचे हेड ड्राफ्ट्समन, नोकरीची तीस वर्षं झालेले. क्वार्टरपासून कचेरीपर्यंतची तीनशेक पावलं ते गळ्यात शिट्टी अडकवून चालायचे. वळण आलं की आधी शिट्टी, मग छत्री उघडून पुढे करायची, मग स्वतः. नकाशाखोलीचा शिपाई जंगलातल्याच एका गोंड पाड्यावरचा. तो म्हणायचा, अस्वलाला शिट्टी कळायला ते काय खात्यात नोकरीला आहे?

मी तिथे ट्रेसर म्हणून, म्हणजे नकाशांच्या नकला उतरवायला, लागले तेव्हा गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि निम्म्या फायलींवर अजून चंद्रपूरच लिहिलेलं असे. माझे वडील गडचांदूरला चुनखडीच्या खाणीत. मी बावीस वर्षांची, प्रोबेशनवर, त्या खोलीतली पहिली बाई. राहायला आत्याकडे, आत्या गावच्या दवाखान्यात आया होती. पहिल्या दिवशी भाऊंनी मला काम सांगितलं नाही. खिडकीकडे पाठ करून बसायचं नाही, एवढंच सांगितलं. का, म्हणून मी विचारलं. समजा काही आलं, ते म्हणाले. काय येणार, मी म्हटलं. त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा काळजीने पाहिलं की मी मुकाट्याने खुर्ची फिरवली.

'समजा' हा त्यांचा श्वास होता. कुठेही जायचं म्हटलं की ते यादी करत आणि यादीला चार रकाने असत: वस्तू, नग, कशासाठी, आणि समजा नसलं तर. चंद्रपूरला एका दिवसासाठी जाताना केलेल्या यादीत छत्रीसमोर 'समजा नसली तर गोणपाट' आणि खाली गोणपाटासमोर 'समजा नसलं तर भिजणे' असं लिहिलेलं मी स्वतः वाचलं आहे.

हात मात्र असा की साहेबलोक दौऱ्यावर आले की मुद्दाम बघायला थांबायचे. एक रेघ केसभर फुटली तरी ब्लेड घेऊन ती हलकेच खरडायची, वर खडूची पूड चोळायची आणि पुन्हा काढायची. शाई पसरलेली त्यांना बघवत नसे. माझ्या पहिल्या वर्षातल्या कितीतरी रेघा त्या ब्लेडखाली गेल्या आणि त्या गेल्या म्हणून माझा हात बसला.

आम्ही काम करायचो ते ट्रेसिंग क्लॉथवर. आता ते कुणाच्या पाहण्यात नसेल. बारीक सुती कापड, त्याला खळ देऊन इतकं कडक आणि गुळगुळीत केलेलं की शाई पसरायची नाही आणि खालचा नकाशा आरपार दिसायचा. रद्द झालेले नकाशे कचेरीतले लोक घरी न्यायचे. सोडा घातलेल्या गरम पाण्यात भिजवलं की खळ सुटते, खळीबरोबर शाई निघून जाते आणि हातात मलमलीसारखं पांढरं कापड येतं. आमच्या कॉलनीतल्या निम्म्या बाळांची झबली अशी कुठल्या ना कुठल्या जंगलाच्या तुकड्याची होती. हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते या कापडामुळे झालं.

भाऊंची धाकटी बहीण बोट्सवाना देशात होती. तिचे यजमान तिथल्या माऊन नावाच्या गावात गणिताचे मास्तर. तिचं दर पत्रात एकच, भाऊ, एकदा ये, तिकीट आम्ही पाठवतो, वाळवंट दाखवतो, जनावरं दाखवतो. एका पत्राबरोबर एक रंगीत कार्ड आलं. लाल वाळू, वर निळं आभाळ आणि मधोमध एकटं उभं असलेलं एक हरीण, हातभर लांब सरळ शिंगांचं. आसपास एक झुडूप नाही. भाऊंनी ते कार्ड टेबलाच्या काचेखाली ठेवलं आणि दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत, कापडावर नकाशा काढत, त्यांचं आफ्रिकेला जाणं सुरू झालं.

ती लाल वाळू बोट्सवानातली नव्हतीच. ती शेजारच्या मुलखातली निघाली आणि त्या मुलखावर दक्षिण आफ्रिकेचा ताबा. आपल्या पासपोर्टवर त्या देशाला जायची तेव्हा बंदी होती. भाऊंनी खात्याच्या रीतीने तेवढ्या भागावर आडव्या रेघा मारल्या आणि वर लिहिलं, 'चराईबंद'. मग बहिणीने कळवलं की ते हरीण आमच्या कलाहारी वाळवंटातही आहे, काळजी करू नकोस. काळजी करू नकोस हे भाऊंना लिहिणं म्हणजे पोस्टाच्या तिकिटाची नासाडी होती.

जंगलाला इतका भिणारा माणूस सिंहांच्या मुलखात जायला निघतो, हे मला समजत नव्हतं. एकदा विचारलं. ते पेन्सिलीला टोक करत होते. त्यांच्या वडिलांना मोहाखाली अस्वलानं फाडलं होतं. फुलं वेचत होते, अस्वल दहा पावलांवर होतं आणि त्यांना दिसलं नाही. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं.

"जंगलात काय राह्यते बाई, त्याले आपण दिसतो, आपल्याले तो नाई दिसत," ते म्हणाले. "मले एकडाव असं पाह्यचं हाये, का मी त्याले पाहून राह्यलो अन् त्याले मालूमच नाई."

त्याच सुमारास त्यांच्या डोळ्यांचं निघालं. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. बाजूंनी दिसणं कमी होत जाईल, गेलेलं परत येणार नाही, थेंब घातले तर उरलेलं टिकेल. बाजूनेच काहीतरी येणार ही ज्याची जन्माची धास्ती, त्याची नेमकी बाजूचीच नजर चालली होती. ऐकून मला रडू आलं. भाऊंनी मात्र एवढंच ठरवलं की येत्या सप्टेंबरात जायचं. तिकडे तेव्हा पाणवठे आटतात, जनावरं उरलेल्या पाण्यावर येतात आणि दुरून दिसतात. पुढच्या वर्षापर्यंत थांबलो आणि समजा दिसायचंच कमी झालं तर, या रकान्यात लिहायला त्यांच्याकडे काही नव्हतं.

नकाशा तोवर चार वर्षं चाललेला होता. रद्द झालेल्या कापडाचे चांगले तुकडे जोडून केलेला, उघडला तर टेबलाच्या दोन्ही बाजूंनी लोंबायचा. शाळेचा ॲटलास आणि बहिणीची पत्रं, एवढ्यावर. त्यात त्यांनी एक उद्योग केला. परक्या मुलखातली अंतरं डोक्यात बसेनात, म्हणून प्रत्येक टप्प्याजवळ त्यांनी आपल्याकडचं माप लिहिलं. माऊनपासून मिठाच्या मोठ्या पांढऱ्या मैदानापर्यंत जायचं तर 'कोरपना ते सिरोंचा, आणि परत अर्ध्यात'. त्या मैदानावर 'गडचांदूरसारखे पांढरे', कारण सिमेंटच्या धुळीने आमचं गाव कसं दिसतं ते मी त्यांना सांगितलं होतं. आणि जागोजागी सूचना. 'सिरोंचाइतके गेल्यावर पाणी ३ दिवसांचे.' 'येथे आग करू नये, दुरून दिसते.' 'येथून रस्ता नाही. कोणास विचारू नये, वाहनाच्या चाकोरीने जावे.' 'मागे पाहत चालणे.' टप्प्यांची गावं बारीक अक्षरात, आपली गावं ठळक. परकी नावं त्यांना अजून परकीच वाटत होती.

मे महिन्यातल्या एका रविवारी त्यांनी आमची तालीम घेतली. सिरोंच्याला गोदावरीचं पात्र उन्हाळ्यात अर्ध्याहून जास्त कोरडं पडतं, मैलभर नुसती वाळू. वाळूत चालायचा सराव हवा म्हणून भाऊ, मी, आत्या आणि शिपाई पहिल्या बसने निघालो. आत्या माझी राखण म्हणून आली होती आणि शिपाई टरबुजांसाठी. पाणी प्रत्येकी चार पेले, मोजून. आत्याने पिशवीत स्वतःची वेगळी बाटली आणली होती, ती तिने भाऊंना दिसू दिली नाही. काठावर जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्याने "एक्कडिकी?" म्हणून विचारलं, कुठे निघालात. शिपायाला तेलुगू येत असे. तो म्हणाला, आफ्रिकेला. म्हाताऱ्याने आमच्याकडे एकवार पाहिलं आणि शांतपणे हात करून नावेचा घाट दाखवला.

वाळूत शिरल्यावर भाऊ बदलले. छत्री मिटली. शिट्टीला हात गेला नाही. मान आत घालून चालणारा माणूस ताठ झाला, मला ते उंच आहेत हे त्या दिवशी कळलं. टरबुजांच्या वाड्यांपलीकडे, पार पाण्याच्या कडेला काहीतरी काळं हललं. भाऊ थांबले आणि बराच वेळ बघत राहिले. मग खिशातली वही काढून लिहिलं, ते मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. 'म्हैस. अंतर अंदाजे एक मैल. तिने पाहिले नाही.' त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की शिपायालासुद्धा थट्टा सुचली नाही. सिरोंच्यात एका म्हशीसाठी एवढा आनंद झालेला मी दुसरा माणूस पाहिलेला नाही.

जूनच्या शेवटी भाऊ दोन दिवस डोळे दाखवायला चंद्रपूरला गेले. पासपोर्टचा अर्ज गेलेला होता, साहेबांनी ना-हरकत दिलेली होती, बहिणीने तिकिटाचं कळवलेलं होतं. आणि नेमका पहिल्याच दिवशी दुपारी साध्या कपड्यातला एक पोलीस कचेरीत आला.

त्या वर्षांत आमच्या भागात कागदाची धास्ती होती. जंगलात बंदुका घेऊन फिरणारी माणसं आल्याची कुजबुज होती आणि त्यांना शोधणारेही आले होते. शेजारच्या गावातल्या कुणा मास्तरांना वहीतल्या एका आकृतीवरून दिवसभर बसवून ठेवलं म्हणे. खरं-खोटं मला माहीत नाही. खरं नसेलही, पण रात्रंदिवस तेच कानावर पडलं की माणूस आपलीच वही उघडायला कचरतो. त्या माणसाने भाऊंची चौकशी केली. कुठे जाणार, कोणाकडे, गाव कोणतं. मग सहज म्हणावं तसं विचारलं, जेवणाच्या सुट्टीत ते काय काढत बसतात म्हणे? खात्याचंच, मी म्हटलं. उद्या येतो, साहेबांना भेटतो, त्यांचं टेबलही बघतो, असं म्हणून तो गेला.

 सिरोंचा, पाणी तीन दिवसांचे. आग करू नये, दुरून दिसते. कोणास विचारू नये. मागे पाहत चालणे. चार वर्षं मी ते वाक्य न् वाक्य हसत वाचलं होतं आणि त्या दुपारी पहिल्यांदा परक्याच्या डोळ्यांनी वाचलं. कलाहारी आहे हो ती, असं मी कुणाला सांगणार आणि कोण ऐकणार? भाऊंना धरतील, मलाही धरतील, नोकरी जाईल, वडील खाणीतून धावत येतील. पाच वाजता मी खणातली नकाशाची गुंडाळी छत्रीत लपवून घरी नेली. आत्या दवाखान्यात होती. चुलीवर पाणी ठेवलं, सोडा टाकला आणि नकाशा बुडवला.

आधी काहीच झालं नाही. मग कापड मऊ पडलं आणि रेघा सुटायला लागल्या. चराईबंदच्या आडव्या रेघा गेल्या, मग पाणवठे, मग गावं. ठळक अक्षरांना वेळ लागला. सिरोंचा सगळ्यात शेवटी गेलं, ते मला हाताने चोळावं लागलं. पाणी राखाडी झालं आणि मी ते परसात ओतलं. कापड चुलीवरच्या दोरीवर वाळत घातलं. आत्या आल्यावर म्हणाली, बरं कापड आहे, तुझ्या ताईच्या बाळाला झबली होतील.

दुसऱ्या दिवशी तो माणूस आला. भाऊंच्या खुर्चीत बसून चहा प्यायला. पासपोर्टसाठी पत्ता, गावाचं नाव, दोन साक्षीदारांच्या सह्या, एवढंच त्याला हवं होतं. खण त्याने उघडलाही नाही. माझ्यासमोर हरकत नसल्याचं लिहिलं आणि उठताना विचारलं, तिकडे सिंह गाडीच्या अगदी जवळ येतात म्हणतात, ते खरं का? मी म्हटलं, येत असतील. जायला मिळालं पाहिजे, तो म्हणाला, आणि सायकल काढून गेला.

संध्याकाळी भाऊ आले. पाय न धुता आधी कचेरीत आले, कारण वाटेत त्यांना एक नवीन 'समजा' सुचला होता आणि तो नकाशावर लिहायचा होता. त्यांनी खण उघडला, दुसरा उघडला, मग माझ्याकडे पाहिलं.

"बाई, गुंडाळी कुठी हाये?"

मी खरं सांगणार होते. वाक्य तयार होतं. पण चार वर्षांचं काम मी भीतीपायी, काही कारण नसताना, परसात ओतलं, हे त्यांच्या तोंडावर सांगायची मला लाज वाटली.

"पासपोर्टच्या चौकशीला पोलीस आला होता, तो घेऊन गेला," मी म्हटलं.

उद्या सांगू, असं मी स्वतःला सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी भाऊ कचेरीत आले तेव्हा त्यांच्या हातात एक पिशवी होती. ती त्यांनी टेबलाखाली ठेवली आणि तिची यादी माझ्या हातात दिली, समजा तुमच्यासमोर मला नेलं तर घरी कळवा म्हणून. वर लिहिलं होतं, 'अटक झाल्यास'. खाली तेच चार रकाने. दोन पायजमे, डोळ्यांचे थेंब, गूळ, पेला, टॉर्च. वाळवंटाची यादीच होती ती, नाव बदललेली. टॉर्चसमोर 'समजा नेऊ दिली नाही तर अंधार' असं होतं आणि यावेळी मला हसू आलं नाही.

अठरा दिवस ती पिशवी रोज आली आणि रोज परत गेली. जीपचा आवाज आला की भाऊंचा टाक थांबायचा. ते मला पुन्हा पुन्हा विचारायचे, त्या माणसाच्या चेहऱ्यावर काय होतं, गुंडाळी त्याने उघडून पाहिली की तशीच नेली, नेताना काही बोलला का. मी उत्तरं देत गेले. एका खोट्याला दुसरं जोडताना माझी जीभ कशी अडखळली नाही याचं मला आजही नवल वाटतं. तशीच नेली म्हटलं, मग एकदा चुकून थोडी उघडली म्हटलं, आणि त्या 'थोडी'वर त्यांनी आणखी एक रात्र जागून काढली.  एका तुकड्याची हद्द त्यांनी चुकवली. ब्लेडने खरडताना कापडच फाटलं.

सतराव्या दिवशी त्यांनी मला एक हवाई पत्र दिलं, पेटीत टाका म्हणून. बहिणीला होतं. मी रस्त्यात उघडून वाचलं, तेही कबूल करते. येणं जमत नाही, तिकीट पाठवू नये, कारण विचारू नये. ते मी टाकलं नाही. पर्समध्ये ठेवलं आणि पेटीपर्यंत जाऊन परत आले.

त्या संध्याकाळी शिपाई आत्याकडे मोहाचं तेल द्यायला आला होता. दोरीवर कापड होतंच. झबली शिवू द्यायचं माझ्याने होईना आणि उतरवायचंही होईना. त्याने ते बोटांत धरून पाहिलं आणि तेलाची बाटली खाली ठेवली.

"कापड मी वळखलो, बाई," तो म्हणाला. "तुमी सांगा त्याले. अस्वल एकडाव मारते. तुमी रोज मारून राह्यले."

अठराव्या दिवशी सकाळी मी कापडाची घडी भाऊंच्या टेबलावर ठेवली, वर ते पत्र. सगळं सांगितलं, सोड्यापासून सायकलीपर्यंत. त्यांनी कापड उघडलं, उजव्या डोळ्याजवळ नेलं, पुन्हा दूर धरलं. चुलीचा वास येत होता त्याला. ओरडतील, निदान रडतील, असं मला वाटलं होतं.

"म्हंजे त्यानं पाह्यलंच नाई?" त्यांनी विचारलं.

"नाई, भाऊ."

"इथी, या खुर्चीत बसला होता म्हनता. अन् पाह्यलं नाई."

"नाई."

त्यांनी कापडाची एक कड बोटाने सरळ केली. मग पाणी गरम होतं की उकळतं, एवढं विचारलं. उकळतं, मी म्हटलं. सिरोंचा शेवटी गेलं असंल, ते म्हणाले, त्याले मी दोन हात शाई दिली होती. आणि कापडाची घडी घालून उठून गेले. त्यानंतर चार दिवस ते माझ्याशी कामापलीकडे बोलले नाहीत आणि माझं प्रत्येक ट्रेसिंग तीनदा परत आलं. एकात तर चूकच नव्हती, तरी आलं. मी निमूटपणे काढून दिलं.

पासपोर्ट ऑगस्टमध्ये रजिस्टर्ड पोस्टाने आला. भाऊंनी त्याची पानं मोजली. आता नकाशा नव्हता आणि नकाशाविना ते कधी चंद्रपूरलाही गेले नव्हते. मी म्हटलं, तुम्ही सांगा, मी काढून देते, आठवड्यात होईल.

"तवा मले पुरं दिसे," ते म्हणाले. "आता तुमी काढसान तर तो तुमचा रस्ता होईन, बाई. तुमच्या रस्त्यानं जाऊन मी काय पाहू?"

 ते जाणार नाहीत, अशी माझी खात्री झाली होती.

सप्टेंबरात एका सकाळी ते नागपूरच्या बसमध्ये चढले. पिशवी तीच. मी यादी मागितली, ठेवून घ्यायला. यादी केलेली नव्हती. गळ्यात धुळीसाठी ते धुतलेलं कापड गुंडाळलं होतं आणि शिट्टी नव्हती. ती त्यांनी शिपायाला देऊन टाकली होती. बस वळणावर गेली तेव्हा शिपायाने ती तोंडात धरली आणि जोरात वाजवली. वळणापलीकडून काही आलं नाही.

पुढचा दीड महिना मी 'समजा'त काढला. समजा विमान चुकलं, समजा थेंब संपले, समजा बहिणीचे यजमान गाडी घेऊन पुढे गेले आणि भाऊ मागे राहिले. समजा त्यांना वाटलं, या पोरीने नकाशा धुतला नसता तर. मी खिडकीकडे पाठ करून बसूच शकत नव्हते.

ते आले ऑक्टोबर संपता संपता, चांगलेच रापलेले.  हत्ती चालतो त्याचा आवाज होत नाही, म्हणाले. शिपायाने सिंहाचं विचारलं, तर झोपून होता म्हणाले. मग माझ्याकडे वळून खिशातून ते कापड काढलं, घडी मोडली आणि टेबलावर पसरलं. सगळं पांढरं, आणि मधोमध शाईत त्यांच्या अक्षरात चार ओळी:

'लांब शिंगांचे हरीण. अंतर पंधरा पावले.
डावीकडून आले, मला दिसले नाही.
त्याने पाहिले.
मी उभा राहिलो.'

 अक्षरं पार फुटली होती, प्रत्येक रेघेला केस निघाले होते, 'पाहिले' तर जेमतेम वाचता येत होतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, भाऊ, शाई पसरली.

"खळ धुतली न तुमी," ते म्हणाले. कापड माझ्याकडे सरकवून त्यांनी खुर्ची ओढली आणि खिडकीकडे पाठ करून कामाला बसले.